दर्शनी भिंत कोणाची?

रायगड जिल्ह्यातील पेण किंवा रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावी नवी इमारत उभी राहते, तेव्हा तिच्याविषयी चार लोक बोलतात. आराखडा दाखल होतो, चटईक्षेत्र मोजले जाते, शेजाऱ्याची हरकत असेल तर तिचा अर्ज नगरपरिषदेत येतो. परंतु जुनी इमारत तशीच ठेवून तिचा केवळ दर्शनी भाग बदलला जातो, तेव्हा कोणी कोणाला काही विचारत नाही. पावसाळा सरला की बाजारपेठेत परांच्या बांधल्या जातात. दिवाळीच्या आत लाकडी कठडा निघतो, पडवीची कौले उतरतात आणि त्यांच्या जागी काच व ॲल्युमिनियमच्या चकचकीत पट्ट्यांचा पडदा चढतो. मालकाला दुकान नवे झाल्याचे समाधान मिळते, गिऱ्हाइकाला काही दिवस कौतुक वाटते. या खटाटोपात रस्त्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही.

व्यापारी इमारतीच्या बाह्य नूतनीकरणाचे स्थानिक पातळीवर परीक्षण व्हावे, असे म्हटले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. दुकान ज्याचे, भिंत त्याची. तिला काय लावायचे हे सांगणारे तुम्ही कोण? या प्रश्नाचे उत्तर टाळून पुढे जाणे योग्य नाही. दुकानाचा अंतर्भाग सर्वस्वी मालकाचा आहे, यात शंका नाही. पण दर्शनी भिंतीला दोन बाजू असतात. आतल्या बाजूचा उपभोग मालक घेतो आणि बाहेरच्या बाजूचे बरेवाईट परिणाम रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात. त्या दुसऱ्या बाजूपुरते रस्त्याचेही म्हणणे ऐकले जावे, एवढाच या मागणीचा आशय आहे.

तरतूद जुनीच आहे

हा विचार परदेशातून उसना आणलेला नाही. आपल्या कायद्यात तो पूर्वीपासून आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४३ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीवाचून विकासकाम करता येत नाही. त्याला दिलेल्या अपवादांतील पहिलाच अपवाद लक्षात घेण्याजोगा आहे. केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरती असलेली किंवा तिच्या बाह्य स्वरूपात महत्त्वाचा फरक न करणारी दुरुस्ती परवानगीवाचून करता येते, असा त्या अपवादाचा आशय आहे. म्हणजेच ज्या कामाने बाह्य स्वरूप खरोखर पालटते, ते काम परवानगीच्या कक्षेत येते. त्याच्याही आधीचा, १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा पाहिला, तर इमारतीत बाहेरून फेरफार करण्यापूर्वी नगरपालिकेला सूचना देण्याचे बंधन त्यातही आढळते. मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळून राज्यभर डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही वारसा वास्तूंची यादी करण्याची आणि त्यांच्यासाठी समिती नेमण्याची वाट ठेवलेली आहे.

मग अडते कोठे? अडते ते निकषांपाशी. बाह्य स्वरूपात ‘महत्त्वाचा फरक’ म्हणजे काय, हे गावाने कधी ठरवलेले नसते. त्यामुळे सगळा दर्शनी भाग पालटला तरी ते काम ‘दुरुस्ती’ किंवा ‘रंगरंगोटी’ या सदरात सहज बसते. आणि मनात आणले तर साध्या छज्जालाही आडकाठी करता येते. वारशाच्या तरतुदीचा उपयोग झाला तरी तो एखाद्या मंदिराला किंवा वाड्याला होतो. बाजारपेठेतील ओळीने उभी असलेली साधी दुकाने कोणत्याही यादीत नसतात, आणि गावाचा चेहरा तर त्यांचाच बनलेला असतो. निकष नसले की अधिकार नाहीसा होत नाही; तो अर्जदार आणि टेबलामागचा माणूस यांच्या खाजगी बोलण्यात जाऊन बसतो.

परीक्षण आजही होते

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दर्शनी भागाचे परीक्षण होऊ लागले तर दुकानदाराचे स्वातंत्र्य जाईल, असे म्हटले जाते. वस्तुतः ते स्वातंत्र्य पुष्कळ अंशी आधीच गेलेले आहे. मोबाइल विकणारी कंपनी, रंगांचा कारखाना, खाजगी बँक किंवा दागिन्यांची मोठी पेढी आपली शाखा वा विक्रीकेंद्र उघडताना पाटी किती उंच असावी, तिचा रंग कोणता, दिवे कोठे असावेत, काच किती असावी, हे सारे छापील पुस्तिकेत ठरवून देते. त्या पुस्तिकेपासून बोटभर ढळण्याची मुभा स्थानिक चालकाला नसते. ज्या कचेरीत ती पुस्तिका तयार होते, तेथे पेणचा पाऊस आणि रोह्याचा रस्ता यांची कोणाला कल्पना असण्याचे कारण नाही. भटिंड्याला आणि भोगावतीच्या काठाला एकच दर्शनी भाग पाठवला जातो.

तेव्हा प्रश्न परीक्षण असावे की नसावे, असा नाहीच. परीक्षण आजही होते. फक्त ते गावात होत नाही, गावासाठी होत नाही आणि त्याविरुद्ध गावाला दाद मागता येत नाही. दूरच्या विक्री विभागाने घातलेली अट मुकाट्याने मान्य करायची आणि आपल्याच नगरपरिषदेने चार साधे प्रश्न विचारले की स्वातंत्र्यावर घाला आला म्हणायचे, यात सुसंगती नाही. शासनाने पाटीच्या बाबतीत एक पाऊल टाकलेले आहेच. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन देवनागरीतील मराठी पाटी सक्तीची झाली, इतर लिपीतील अक्षरांपेक्षा मराठी अक्षरे लहान नसावीत असे ठरले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीसाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीवरील अक्षर हा सार्वजनिक हिताचा विषय होऊ शकतो, तर ती पाटी वरच्या मजल्याची खिडकी झाकते काय, हा विषय सार्वजनिक हिताच्या बाहेर कसा राहील?

सौंदर्याआधीचे प्रश्न

या विषयाला सौंदर्यदृष्टीचा विषय समजल्यामुळे त्याची हानी झाली आहे. सुंदर काय यावर दोन माणसांचे एकमत होणे कठीण. पण पाणी कोठे पडते यावर एकमत होण्यास अडचण नसावी. कोकणातील बाजारपेठेचे जुने घर हौसेखातर तसे बांधलेले नव्हते. खाली दुकान, वर बिऱ्हाड, पुढे ओटा, ओट्यावर पडवी आणि पडवीवर उतरते कौलारू छप्पर, ही रचना चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास कोसळणाऱ्या पावसाने घडवलेली होती. छपराच्या पागोळ्या ओट्याच्या पलीकडे पडत. दुकानाच्या फळ्या, आतला माल आणि दारातले गिऱ्हाईक कोरडे राही. आजच्या सपाट काचेच्या भिंतीला ना पडवी, ना छज्जा. पाणी भिंतीवरून थेट पायरीवर उतरते, आणि मग जून महिन्यात त्याच चकचकीत दर्शनी भागापुढे बांबू रोवून निळी ताडपत्री बांधण्याची पाळी येते. हजारो रुपये खर्चून झाकलेली उणीव अशी दरवर्षी ताडपत्रीने पुन्हा झाकावी लागते.

दुसरा प्रश्न चालणाऱ्याचा. नूतनीकरणात जोते थोडे उंच होते, पायऱ्या पुढे सरकतात, गटारावर लादी पडते. एका दुकानाचे हातभर अतिक्रमण क्षुल्लक दिसते. ओळीतील वीस दुकानांनी तेच केले की शाळेत जाणारी मुले आणि बाजाराला आलेल्या वृद्ध स्त्रिया मोटारसायकलींच्या मधून चालू लागतात. शिवाय लादीखालचे गटार साफ करता येत नाही ते वेगळेच. रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी गावप्रदक्षिणेला निघते, तेव्हा दुतर्फा माणसे उभी असतात. बाजाराचा रस्ता केवळ वाहतुकीचा नसतो, याची ती वार्षिक आठवण आहे. उरलेल्या दिवसांतही तो सर्वांचाच असतो.

तिसरा प्रश्न आग आणि वारा यांचा. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असलेले जे तावदान आज सर्रास वापरले जाते, त्याच जातीच्या ज्वलनशील आवरणाने लंडनच्या ग्रेनफेल इमारतीवर १४ जून २०१७ रोजी आग खालून वरपर्यंत नेली आणि ७२ माणसे दगावली. पेणची दुमजली पेठ म्हणजे चोवीस मजली इमारत नव्हे, हे उघड आहे. परंतु खाली दुकान व वर बिऱ्हाड असलेल्या घराच्या खिडक्या बाहेरून पट्ट्यांनी बुजवल्या, तर धूर कोंडतो आणि सुटकेची वाट बंद होते, याला उंचीची अट नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि छपरांचे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला जाहिरातीचा प्रचंड फलक वाऱ्याने पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा बळी गेला. भिंतीला बाहेरून काय टांगले आहे आणि ते कशाने धरलेले आहे, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे यानंतर तरी पटावे.

जवळचे आणि दूरचे दाखले

असे परीक्षण व्यापाराला मारक ठरते, ही भीतीही तपासून पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गावर १८९६ च्या एका महापालिका नियमाने प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी ठेवणे भाग पाडले. इमारतींच्या शैली निरनिराळ्या राहिल्या. फक्त रस्त्याला एक सलग छाया मिळाली. पुढे पाट्यांच्या गर्दीत त्या कमानी दिसेनाशा झाल्या, तेव्हा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दुकानदार व रहिवासी यांना बरोबर घेऊन पाट्या कमानीच्या आत बसवण्याचे काम सुरू झाले. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २००४ साली त्याची दखल घेतली गेली. तेथील व्यापार त्यामुळे बुडाला, असे कोणी म्हणत नाही. चंडीगड वसवताना १९५२ च्या कायद्याने इमारतीच्या दर्शनी बाजूविषयी निर्देश देण्याचा अधिकार प्रशासनाला दिला आणि तेथील व्यापारी पेठा त्या शिस्तीत उभ्या राहिल्या. त्यातून थोडा एकसुरीपणा आला, हेही खरे. आणि म्हणूनच चंडीगडची नक्कल कोकणात करू नये.

दूर जाण्याचेही कारण नाही. याच जिल्ह्यातील माथेरान २००३ साली केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले, तेव्हा निसर्गाबरोबर मानवनिर्मित वारसाही जपण्याची तरतूद त्या अधिसूचनेत केली. डोंगरावर पाहुणे येतात म्हणून तेथील घरांचे बाह्य रूप मोलाचे, आणि खाली माणसे नुसतीच राहतात, म्हणून त्यांच्या पेठेला काही नियम नको, हा भेद समर्थनीय नाही.

आक्षेपांचा विचार

तथापि या सूचनेला घेतले जाणारे काही आक्षेप वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की, हे जुन्या घरांच्या आठवणी काढणाऱ्या सुखवस्तू लोकांचे खूळ आहे. या आक्षेपात तथ्य आहे. जुन्या ओट्यावर प्रत्येकाला बसू दिले जात होते, असे नाही. ज्या कुलाबा जिल्ह्यात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या जिल्ह्यात जुन्या पेठेचे गोडवे गाताना भान ठेवलेच पाहिजे. म्हणूनच मागणी जुने रूप परत आणण्याची नसावी. रस्त्याची कड आज सर्वांना समान वापरता यावी, ही असावी. गतकाळात जी छाया काहींसाठी होती ती सर्वांसाठी करणे हे स्मरणरंजन नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, नगरपरिषदेपुढे याहून निकडीची कामे आहेत. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले; अशा जिल्ह्यात आधी इमारतींची मजबुती पाहावी, दिखाऊपणा नंतर. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. जुन्या इमारतीच्या ओल, भेगा आणि गंजलेल्या सळ्या या बाहेरूनच प्रथम दिसतात, आणि नवे आवरण नेमके त्यांनाच झाकते. आवरण चढवण्यापूर्वी एकदा अभियंत्याने भिंत पाहिली, तर मजबुतीचेच काम होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. आणखी एक परवानगी म्हणजे आणखी एक खेटा, आणखी एक शिक्का आणि कदाचित आणखी एक पाकीट. छोट्या दुकानदाराला ही भीती वाटते, त्यात त्याचा दोष नाही. परीक्षणाची पद्धत नीट बांधली नाही, तर ते न केलेलेच बरे.

पद्धत कशी असावी

ही पद्धत लहान, उघड आणि मुदतबंद असावी. नगरपरिषदेने ठराव करून मुख्य बाजारपेठेच्या रस्त्यापुरते मोजके निकष मराठीत छापून नोटीसफलकावर लावावेत. पाणी पादचाऱ्याच्या अंगावर न पडता गटारात जाते काय. पायरी किंवा जोते रस्त्यावर येते काय, आणि गटार साफ करता येते काय. आवरणाचा पदार्थ पेट घेणारा आहे काय, आणि खिडक्या मोकळ्या राहतात काय. पाटी व तिचा सांगाडा पक्का आहे काय, आणि ती शेजाऱ्याचा उजेड अडवते काय. छज्जाची रेषा शेजारच्या दुकानांशी जुळते काय. एवढे पाच प्रश्न पुरेत. रंग, शैली, नक्षी यांविषयी समितीने अवाक्षर काढू नये. ज्याला गुलाबी रंग हवा त्याने तो खुशाल द्यावा.

समितीत नगरपरिषदेचा अभियंता, नगररचना विभागाचा प्रतिनिधी आणि एक वास्तुविशारद असावा. त्यांच्याबरोबर व्यापाऱ्यांचा एक आणि नागरिकांचा एक प्रतिनिधी असावा. नजरेची उणीव या गावांना भासू नये. ज्या पेणच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या गावाला प्रमाण म्हणजे काय हे बाहेरच्या कोणी येऊन शिकवण्याची गरज नाही. शाळेतील चित्रकला शिक्षक, मूर्तिकार, जुना सुतार यांपैकी कोणीही नागरिकांचा प्रतिनिधी होऊ शकेल. समितीचे काम सल्ल्याचे. निर्णय मुख्याधिकाऱ्यांनी लेखी कारणांसह द्यावा. नगररचना कायद्यात निर्णयासाठी साठ दिवसांची मुदत असून तेवढ्यात उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. दर्शनी भागासारख्या लहान कामाला पंधरा दिवस पुरेसे आहेत. बैठक उघडी असावी आणि इतिवृत्त कोणालाही पाहता यावे. लहान दुकानांकडून शुल्क घेऊ नये. उलट छज्जा, पाटी व पायरी यांचे दोन-तीन नमुना आराखडे नगरपरिषदेने विनामूल्य द्यावेत. नमुन्याप्रमाणे काम करणाऱ्याला समितीपुढे येण्याचीही गरज राहू नये.

आणि या सर्वांची सुरुवात नगरपरिषदेने स्वतःपासून करावी. तिची स्वतःची व्यापारी संकुले आणि कार्यालये यांना हेच पाच प्रश्न आधी विचारले जावेत. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे आणि निवडीबद्दलच्या अभिनंदनाचे फलक गावातील किती दर्शनी भाग झाकतात, याचीही मोजदाद व्हावी. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिलेले आहेत. ज्यांच्या छायाचित्रांनी चौक व्यापलेला आहे, त्यांनी किराणा दुकानदाराच्या पाटीची लांबी मोजायला जावे, हे दृश्य कोणालाही पटणारे नाही.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हे बाजारपेठेतून पायी जाणारे लोक आहेत. त्यांच्या मालकीची दुकाने नसतात, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन नाही असे मानले जाते. पण दर्शनी भिंतीच्या बाहेरच्या बाजूचे खरे वापरकर्ते तेच आहेत. ठराव नगरपरिषदेच्या सभेत येईल तो त्यांनी मागितला तर; नाहीतर भिंतीचा निर्णय दूरच्या एखाद्या पुस्तिकेत होत राहील आणि पागोळी मात्र त्यांच्याच डोक्यावर पडेल.